बाबांचा टाक

माझा बाप देवात बसणार नव्हता. तसं त्यानं लिहूनच ठेवलं होतं. दोनशे पानी शाळेची वही, फळ्यावर काढावं तसं गोल अक्षर. 'माझे शरीर अकोल्याच्या मेडिकलला द्यावे. दहावे-तेरावे करू नये. पत्नी मनकर्णा हिच्या पायातली जोडवी कोणी काढू नये. माझा टाक करून देवात बसवू नये.' खाली सही, सहीखाली 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक', जसा काही हा अर्ज पंचायत समितीत जाणार होता.

टाक म्हणजे काय हे आता शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. चांदीचा पातळ पत्रा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. त्यावर देव ठोकलेला असतो. पण नुसते देव नसतात. घरातला कर्ता माणूस गेला की त्याचाही टाक करतात, त्याला घोड्यावर बसवतात, हातात तलवार देतात आणि खंडोबा-भवानीच्या शेजारी ठेवून देतात. जन्मभर ज्यानं बैलाच्या शेपटीमागं चिखल तुडवला तो मेल्यावर घोडेस्वार. घरात लग्न निघालं की हे सगळे देव उजळायला न्यायचे आणि मागच्या लग्नापासून जे गेले असतील त्यांचे नवे टाक करून आणायचे. आमच्याकडं ही रीत. कोणी काढली, माहीत नाही. मोडायची कोणाची छाती नव्हती. माझ्या बापाची होती.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, त्र्याऐंशीव्या वर्षी. वहीतल्या पहिल्या तीन गोष्टी मी शब्दाला शब्द पाळल्या. शरीर अकोल्याला नेऊन दिलं. तेरवी केली नाही, तर अर्धं तेल्हारा आमच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागलं. भावकीतल्या बायका मायच्या पायाकडं सरकल्या तेव्हा मी मध्ये उभा राहिलो. म्हणालो, जिचा हात पहिला लागेल तिचा हात मी वाइंडिंगच्या मशीनमध्ये घालीन. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान घराच्या ओसरीतच आहे, मशीन समोरच होती, त्यामुळे बायकांना पटलं. जाता जाता एक म्हणाली, "मास्तराच्या घराले पयल्यापासूनच वेड हाय." मला तो मान वाटला.

राहिली चौथी गोष्ट. ती आली माझ्या पोराच्या लग्नात.

कुलदीपचं मोर्शीच्या पौर्णिमाशी जमलं. पोरगी चांगली, बापाची संत्र्याची बाग, बोलायला मोकळी. सुपारी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं देवघरातले सगळे देव लाल फडक्यावर काढले, स्टीलच्या डब्यात भरले आणि माझ्या मशीनवर तो डबा आणून ठेवला.

"देव उजळा लागतीन," ती म्हणाली. "आन मास्तराचा टाक कराचा हाय."

"नाही," मी म्हणालो.

"नाही," आतून कुलदीप म्हणाला.

गेल्या दहा वर्षांत आम्हा बापलेकाचं एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर ते हे. आणि कारणं दोन टोकांची.

माझं कारण वहीत होतं. कुलदीपचं कारण सांगायचं तर आधी तो सांगावा लागेल. इंजिनिअर झाला, अमरावतीत कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. गेला तेव्हा देवापुढून जाताना चप्पलसुद्धा न काढणारा पोरगा. दोन वर्षांत कपाळावर टिळा, मंगळवारचा उपास, मनगटावर हे जाडजूड दोरे, आणि फोन वाजला की आरती. मंडळाचा कार्यकर्ता. बाबा जिवंत असताना त्याला म्हणायचे, "माझ्या मायचे देव मुठीत मावत होते रे. तुझा चौकात मावत नाही, त्याला क्रेन लागते." कुलदीप चिडायचा. मीही त्याला लय बोललो. पुढं एकदा त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा कळलं. सहा बाय दहाची खोली, मेसचा गार डबा, ओळखीचं माणूस नाही. मंडळानं त्याला सोबत जेवायला बसवलं होतं. देव त्याला त्या डब्यासोबत मिळाला. हे कळल्यावर माझा राग गेला असं नाही, पण कोणावर काढावा ते समजेना.

"आजी," कुलदीप म्हणाला, "आबांवर माझा जीव होता. पण त्यांनी देव विहिरीत फेकले होते. ज्यानं देव फेकले त्याला देवात कसं बसवायचं? काही नियम आहे की नाही?"

मायनं डब्याचं झाकण लावलं आणि आत गेली.

विहिरीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं. मला एक मोठी बहीण होती, ज्योत्स्ना. माझ्या जन्माआधीची. तीन वर्षांची असताना तिला गोवर निघाला. माझी आजी, पार्वताबाई, म्हणाली की माता आली आहे, घरात फोडणी घालायची नाही, डॉक्टर आणायचा नाही, मातेला राग येतो. बाबा तेव्हा दूरच्या शाळेवर होते. निरोप मिळून सायकल मारत आले तोवर पोरगी गेली होती. बाबांनी देवघर उचललं, शेतातल्या विहिरीवर नेलं आणि पालथं केलं. अकरा टाक. पार्वताबाईनं त्या दिवसापासून अन्न सोडलं. चौथ्या दिवशी बाबा स्वतः विहिरीत उतरले, गाळात हात घालून घालून एकेक देव वर आणला. गाव म्हणालं, मास्तराला देव कळला. बाबा म्हणाले, "देवासाठी नाही उतरलो, मायसाठी उतरलो." दहा सापडले. अकरावा सापडला नाही. देवघराच्या पाटावर त्याची जागा अजून रिकामी आहे, मायनं ती कधी भरू दिली नाही.

आता माझ्याकडं पाहा. पार्वताबाई देवाला मानायची कारण डॉक्टर अठरा मैलांवर होता. बाबा मानत नव्हते कारण त्यांची पोरगी मेली. मी का मानत नाही? कारण बाप मानत नव्हता. माझं नास्तिकपण मला वारशात आलं, टाकासारखंच. बाबांनी माझं नावसुद्धा सूर्यभान ठेवलं, का, तर सूर्य दिसतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. एवढं सगळं आयतं मिळालेला माणूस मी, आणि छाती काढून बोलतो जसं काही विहिरीत मी उतरलो होतो.

मंगळवारी आम्ही तिघं अकोल्याला गेलो. मी, माय आणि कुलदीप. डबा मायच्या मांडीवर. माझी बायको रागिणी निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिथं जाऊन ओरडू नका. अठ्ठ्याहत्तर वर्साची बाई हाय."

"मी कुठं ओरडतो?"

"आत्तासुद्धा," रागिणी म्हणाली.

जुन्या शहरात एका बोळात वाहेदभाईंचं काम चालतं. समोरच्या सराफ्यात चकाचक दुकानं आहेत, देव तिथं विकले जातात, पण ठोकले जातात वाहेदभाईंकडं. ठसा, हातोडी, शिशाचा ठोकळा, एक मोडकं स्टूल. आमचे दहाही टाक वाहेदभाईंच्या बापानं ठोकलेले. माझ्या लग्नात ते वाहेदभाईंनी उजळले होते, बाबांनी तेव्हा बाहेर उभं राहून त्यांच्याशी कापसाच्या भावावर गप्पा मारल्या होत्या, दुकानात पाय ठेवला नव्हता.

"या माय, या," वाहेदभाईंनी स्टूल पुसलं. "मास्तरसाहेब गेले, मले उशिरा मालूम पडलं. भल्ला सीधा माणूस. मले म्हणे, वाहेद, तू चांगला कारागीर हायस, लोकायचे देव सोडून काही कामाचं बनव." ते हसले. डबा उघडून एकेक टाक बोटांनी चाचपला, डोळे मिटले तरी ओळखतील असं. "हे अब्बाच्या हातचे. हे पाहा, घोड्याचा पुढचा पाय नेहमी आखूड ठोके तो."

"हे उजळून द्या," मी म्हणालो. "बाकी काही नाही."

"आन येक नवा," माय म्हणाली.

वाहेदभाईंची मान खाली गेली. मागं त्यांचा मुलगा अफनान बसला होता, तिशीतला, दाढी नीट विंचरलेली, मांडीवर लॅपटॉप. त्यानं वर पाहिलं.

"माय," वाहेदभाई म्हणाले, "नवे आता नाई ठोकत. हा घरात मुफ्ती झाला. माह्या बापानं अख्ख्या इलाक्याचे देव ठोकले, जुम्म्याले नमाज पढला आन सुखानं मेला. मी बी ठोकले. आता हा इंजिनेर झाला तं म्हणते, अब्बा, गुनाह हाय."

"असं नका सांगू अब्बा," अफनान शांतपणे म्हणाला. मग मायकडं वळून, "आजी, नाराज नका होऊ. जुने आहेत ते अब्बा चमकवून देतात, मी काही बोलत नाही. पण माणसाची, जनावराची आकृती नवीन बनवायची नाही असं आमचं ठरलं आहे. ज्याच्यात जीव आहे त्याची नाही."

मला वाटलं कुलदीप आता पेटेल. झालं उलटंच. "बरोबर आहे त्याचं," कुलदीप म्हणाला. "नियम म्हणजे नियम. प्रत्येकानं आपला नियम पाळावा."

"तेच ना," अफनान म्हणाला. "लोक म्हणतात कट्टर. शिस्तीला कट्टर म्हणतात."

"आमच्याकडं पण तेच. घरातले लोकच हसतात."

मग निघालं की दोघंही अमरावतीला एकाच रस्त्यावरच्या दोन कॉलेजांत शिकले, एकाच टपरीवर चहा प्यायले. पाच मिनिटांत त्यांचं असं जमलं की विचारू नका. दोघंही आपापल्या आजोबांपेक्षा म्हातारे. वाहेदभाई माझ्याकडं पाहत होते, मी त्यांच्याकडं.

"सूर्यभानभाऊ," ते हळूच म्हणाले, "आपले बाप देवाच्या भरोशावर होते. ह्या पोट्ट्यायले वाटते का देव ह्यायच्या भरोशावर हाय."

मी हसलो. खरं तर मला सुटल्यासारखं झालं होतं. वहीतली चौथी गोष्ट मला मोडावी लागणार नव्हती, ती आपोआप पाळली गेली होती. मी उठून म्हणालो, "चल माय. नाही म्हणतात ते."

माय उठली नाही. तिनं लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि डावा पाय समोरच्या ठोकळ्यावर ठेवला.

"हे काप," ती वाहेदभाईंना म्हणाली.

तिच्या डाव्या पायाच्या बोटातलं जोडवं. साठ वर्षं घातलेलं, बोट सुजून चांदी मांसात रुतलेली. साबणानं निघालं नसतं. मी ज्यासाठी भावकीशी वैर घेतलं ते हे जोडवं.

"माय, तुले कळते का तू काय करून राहिली?" मी ओरडलो. रागिणी म्हणाली होती तसाच. "बाबांनी लिहून ठेवलं आहे. जोडवी काढू नये. टाक करू नये. स्पष्ट लिहिलं आहे."

"लिहिलं," माय म्हणाली. "मले इचारून लिहिलं का?"

पाय तिनं ठोकळ्यावरच ठेवला.

"लगन झालं तई सासूनं घातले. मास्तर गेला तं मास्तरानं लिहिलं का काढू नका, तू दारात उभा राह्यला. चांगलं केलं. पन माह्या पायाचं तुमीच ठरवलं. भावकीनं काढा म्हणलं काय आन तू काढू नका म्हणलं काय, माह्या बोटाले कोनी इचारलं?"

कुलदीप तिच्याजवळ खाली बसला. "आजी, तुझी एवढी भक्ती. रोज अर्धा तास बसतेस, एक दिवस चुकत नाही, डोळ्यांत पाणी येतं तुझ्या. आणि तूच असा हट्ट करतेस."

"कायची भक्ती रे बापा," माय म्हणाली.

हे तिनं इतक्या सहज म्हटलं की कुलदीपला ऐकलेलं खरं वाटेना. मलाही.

"ज्योत्स्ना गेली," ती म्हणाली, "त्याच्या पाचव्या दिवशी सासूनं मले कापूस येचाले धाडलं. सासू म्हणे, मातेनं नेली, रडू नको, माता कोपते. मास्तर म्हणे, रडून काय होते, मी आता गावोगाव जाऊन सांगतो का पोरायले डॉक्टरकडं न्या. तो गेला सांगाले. लय गावाले सांगतलं त्यानं, लय पोरं वाचले असतीन. पन मले कुठंच रडाले जागा नोयती. चुलीपुढं रडलं तं अपशकुन, वावरात रडलं तं मजुरीन बाया पाहेत. मंग मी देवापुढं बसाले लागली. थ्या अर्ध्या घंट्यात सासू बी आवाज देये नाई. डोये वले झाले तं म्हणे, सून भल्ली भाविक निंगाली. मी देवाले कई पाह्यलंच नाई. मी माह्या पोरीले पाहो. तो येक टाक सापडला नाई ना, थ्या जागेवर."

बोळातून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. वाहेदभाईंच्या हातातला टाक हातातच होता.

"मास्तराले वाटे मी देवाच्या बाजूनं हाय," माय म्हणाली. "ज्यायनं पोरगी नेली त्यायच्याच पाया पडते, असं वाटे त्याले. बोलला नाई कई. पन मी पूजेले बसली का त्यानं सायकल काढली. पंचावन वर्सं. घंटी वाजवत जाये, मी उठायच्या टायमाले वापस ये."

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं तो बी बसला असता. मंग दोघाईले रडा लागलं असतं. त्याले झेपलं नसतं, सूर्या. तो उभा राह्यला तो रागावर."

मी त्या मोडक्या दुकानात उभा होतो आणि मला माझ्या बापाचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याला बोललो असतो. चाळीस गावांत भाषणं दिली या माणसानं. बायांना अंधारातून बाहेर काढा म्हणाला. आणि स्वतःच्या घरातल्या बाईला एक प्रश्न विचारला नाही, की अगं, तू तिथं काय करतेस? सायकल काढली आणि गेला. मग आठवलं की मीही विचारला नाही. पंचावन्न वर्षांचा झालो. मायची पूजा सुरू झाली की मी मशीनचा आवाज वाढवायचो, मुद्दाम, बापाच्या बाजूनं.

"अब्बा, द्या," अफनान म्हणाला.

त्यानं लॅपटॉप बाजूला ठेवला, बारीक कातरी घेतली, मायचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. चांदीखाली कागदाची पट्टी सरकवली, कातडीला लागू नये म्हणून. "दुखलं तर सांगा आजी."

"दुखते तं दुखते. काप तू."

जोडवं दोन ठिकाणी कापलं, उघडलं. बोटावर पांढरा वळ उरला, साठ वर्षं ऊन न लागलेल्या कातडीचा. मायनं तो वळ अंगठ्यानं चोळला. उजव्या पायाकडं अफनाननं बघितलं.

"तो राहू दे," माय म्हणाली. "तो माहा."

चांदीचे तुकडे ठोकळ्यावर पडले होते. वाहेदभाईंनी मुलाकडं पाहिलं. अफनान अवघडला. पाय हातात घेतला होता, पण नियम नियमच होता.

"आजी, माणूस नाही काढता येणार," तो खाली पाहून म्हणाला.

"माणूस कोनाले पाहिजे? माणूस तं सोताच 'नको' लिहून गेला," माय म्हणाली. "सायकलीत जीव असते का रे?"

अफनाननं खरंच विचार केला. त्याचं मला कौतुक वाटलं, पटकन हो-नाही केलं नाही त्यानं. "नाही आजी. सायकलीत जीव नसतो."

"मंग सायकल ठोका."

"आजी, देवात सायकल?" कुलदीप म्हणाला.

"गणपतीचा उंदीर चालते ना?"

यावर वाहेदभाई एवढे हसले की त्यांना खोकला आला. कुलदीपनं माझ्याकडं मदतीसाठी पाहिलं. मी वहीचा विचार करत होतो. माझा टाक करू नये, असं लिहिलं होतं. सायकलीचं काही लिहिलं नव्हतं. ही वकिली आहे हे मला कळत होतं, बाबांनाही कळली असती आणि त्यांनी माझा कान धरला असता. पण साठ वर्षांत ह्या बाईनं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मागितलं तेही स्वतःच्या पायातून काढून.

"कोणती सायकल होती?" वाहेदभाईंनी विचारलं.

"साधी," मी म्हणालो. "काळी. पुढं दिवा, मागं कॅरेज. दांड्यावर मी बसायचो."

"मास्तर चालवून राह्यला असं दाखवू? म्हणजे माणूस नाई, पन चाकं पळतेत अशी?"

"नाई," माय म्हणाली. "स्टँडवर लावेल. चालती नको. लय गेला तो. आता उभी राहू दे."

वाहेदभाईंकडं सायकलीचा ठसा कुठून असणार? त्यांनी जोडव्याची चांदी आटवून पत्रा ठोकला आणि आमच्यासमोरच लोखंडी खिळ्याच्या टोकानं बिंदू बिंदू ठोकत ती काढली. दोन तास लागले. अफनाननं फोनवर जुन्या सायकलीचा फोटो शोधून समोर धरला. कुलदीप वाकून पाहत होता आणि सारखा चुका काढत होता: "चेन उजव्या बाजूला असते काका." स्टँड जरा तिरपा आला. माय म्हणाली, राहू द्या, मास्तराचा बी तिरपाच होता, दोनदा पडली सायकल माह्या तुळशीवर. मी बाहेर जाऊन चहा सांगून आलो, पाच कप. कुलदीपचा उपास होता, त्यानं बिनसाखरेचा मागितला. अफनान म्हणाला, उपासाला साखर चालते की. कुलदीप म्हणाला, माझं गुरुजींनी सांगितलं आहे. त्या दोघांचं पुन्हा सुरू झालं.

गाडीत बसताना वाहेदभाई माझ्या कानाशी आले. "मास्तरसाहेब मले म्हणत, काही कामाचं बनव. आज बनवलं."

लग्न मोर्शीला झालं, चांगलं झालं. मंडळाची पोरं आली, नाचली, आणि मी पहिल्यांदा त्यांच्याशी नीट बोललो. त्यातला एक मला म्हणाला की काका, कुलदीप आजारी पडला होता तेव्हा आम्ही चार दिवस आळीपाळीनं दवाखान्यात होतो. मला हे माहीतच नव्हतं. डीजे मात्र मला अजूनही सहन होत नाही आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मायनं देव बसवले. पाटावरच्या त्या रिकाम्या जागेत, खंडोबाच्या डाव्या हाताला, सायकल. पौर्णिमा पाहायला आली आणि पदराआड हसली. "आजी, हे कोण देव?"

"हे तुह्या आजेसासऱ्याचं घर," माय म्हणाली. "घरी नाई राह्यला कई तो, म्हून."

कुलदीप आंघोळ करून आला, सोवळं नेसून. एकेका टाकाला बोटानं कुंकू लावत गेला. खंडोबा, भवानी, घोड्यावरचा खापरपणजोबा. सायकलीपाशी त्याचं बोट थांबलं. मी ओसरीतून पाहत होतो. त्याच्या चेहऱ्यावरून नियम जाताना दिसत होते, एक आला, एक गेला. शेवटी त्यानं बोट पुढं केलं. मायनं त्याचं मनगट धरलं.

"त्याले कुंकू नको लावू. त्याले आवडत नोयतं."

"मग काय लावू?"

"सायकलले काय लावतेत? तेल."

कुलदीपनं समईत बोट बुडवलं आणि चाकाच्या मधोमध एक थेंब लावला. मग दुसऱ्या चाकाला. मग थांबून, चेनला.

माय बसली. पाठ भिंतीला, डावा पाय पुढं, बोटावर तो पांढरा वळ. मी एका पंपाची मोटार वाइंडिंगला लावली होती, गिऱ्हाईक दहाला येणार होतं, मशीन घरघरत होती. मी ती बंद केली. तार हातातच धरून बसलो. आत गेलो नाही, मी जाणारही नाही, ते माझं नाही. पण अर्धा तास घरात कसलाच आवाज नव्हता.

माय उठली, ओसरीत आली.

"मशीन कावून बंद केली?"

"लाइन गेली," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. पंखा फिरत होता. ती चहा टाकायला आत गेली.